थ्रोंबिन न्यूट्रोफिलला थेट चेतवतं, की कुणाच्या आडून?

कुळागर_फोंडा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पात गाडी अडली आहे. विषय असा: रक्त गोठवणारी प्रथिनं दाहात पांढऱ्या पेशींना कशी जागी करतात. पुस्तकात गोठण एका प्रकरणात, दाह दुसऱ्यात, मधली जुवारी ज्याची त्याने पोहून पार करायची.

मांडणी: निरोगी दात्याचं अख्खं रक्त, त्यात मानवी थ्रोंबिन (रक्त गोठवणारं एंझाइम) दर मि.लि.ला १ एकक, ३७ अंशांवर १५ मिनिटं. मग तांबड्या पेशी फोडून फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचा सीडी११बी, म्हणजे पेशी चेतल्याचा पृष्ठभागावरचा खूण-रेणू. वाढ स्पष्ट दिसते. पण आधी हिरुडिन घालून थ्रोंबिन बंद केलं तरी वाढ जवळपास तेवढीच. उलट, वेगळ्या काढलेल्या न्यूट्रोफिलवर तेच थ्रोंबिन घातलं तर काहीच हालचाल नाही.

ही तिन्ही निरीक्षणं एकाच वेळी खरी कशी असतील? आणि थ्रोंबिनचा न्यूट्रोफिलवर थेट परिणाम असतो का?

मांडवीपार

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सोपा आहे. थेट परिणाम फारसा नसतो.

थ्रोंबिन पेशीशी बोलतं ते कात्रीने. पार-१ नावाचा रिसेप्टर असतो, १९९१ साली त्याचा जनुक हाती लागला. त्याच्या पेशीबाहेरच्या शेपटीला थ्रोंबिन ४१व्या अमिनो आम्लानंतर कापतं. कापल्यावर जे नवं टोक उघडं पडतं तेच वळून त्या रिसेप्टरच्या खाचेत बसतं. म्हणजे किल्ली कुलपालाच बांधलेली असते, थ्रोंबिन फक्त दोरा तोडतं. त्यामुळे एक रेणू एकामागून एक कितीतरी रिसेप्टर उघडू शकतो, आणि उघडलेला रिसेप्टर परत मिटत नाही, पेशी तो आत ओढून घेते.

हा पार-१ माणसाच्या प्लेटलेटवर भरपूर, एंडोथेलियमवर (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर) भरपूर, मोनोसाइटवरही आहे. न्यूट्रोफिलवर मात्र नगण्य. न्यूट्रोफिलवर ठळक असतो तो पार-२, आणि तो थ्रोंबिनला दाद देत नाही. त्याला ट्रिप्सिन, मास्ट पेशींचं ट्रिप्टेज, किंवा टिश्यू फॅक्टरला (गोठण सुरू करून देणारं ऊतीतलं प्रथिन) चिकटलेला गोठणाचा सातवा घटक आणि दहावा घटक लागतो. म्हणून तुमच्या वेगळ्या काढलेल्या न्यूट्रोफिलचं मौन मला अजिबात खटकत नाही.

अख्ख्या रक्तात मात्र मध्यस्थ असतात. थ्रोंबिन लागलं की काही मिनिटांत प्लेटलेट आपल्या आल्फा कणांमधलं पी-सिलेक्टिन हे चिकटणारं प्रथिन पृष्ठभागावर आणते. न्यूट्रोफिलवरचा पीएसजीएल-१ त्याला धरतो, त्या धरण्यातूनच आत संदेश जातो आणि मॅक-१, म्हणजे सीडी११बी आणि सीडी१८ यांची जोडी, चिकट होते. शिरेत हेच काम एंडोथेलियमही करतं. त्याचं पी-सिलेक्टिन वायबेल-पॅलेड पिशव्यांत तयारच असतं, आणि सोबत पीएएफ व इंटरल्यूकिन-८ हे न्यूट्रोफिलला चेतवणारे रेणू बाहेर येतात. तुमच्या नळीत एंडोथेलियम नाही, त्यामुळे तिथे दिसेल तो फक्त प्लेटलेटमार्गे होणारा परिणाम. हे निष्कर्षात लिहायला विसरू नका, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

दुसरी वाट कात्रीची नाही, चिकटण्याची. गुठळीचा कच्चा माल असलेल्या फायब्रिनोजेनच्या गॅमा साखळीचा ३७७ ते ३९५ हा पट्टा मॅक-१ ओळखतो. प्लाझ्मात फायब्रिनोजेन डेसिलिटरला २०० ते ४०० मि.ग्रॅ. असतं. विरघळलेलं फायब्रिनोजेन मॅक-१ला सहज बसत असतं तर आपली प्रत्येक न्यूट्रोफिल चोवीस तास पेटलेली राहिली असती. तसं होत नाही, कारण विरघळलेल्या रूपात तो पट्टा झाकलेला असतो. रेणू पृष्ठभागावर बसला, किंवा थ्रोंबिनने कापून त्याचं फायब्रिन झालं, की पट्टा उघडा पडतो. थोडक्यात, जिथे गुठळी आहे तिथेच पेशीला "इथे जखम आहे" हे कळतं. २००४ साली उंदरांवर झालेला प्रयोग बघा: त्याच पट्ट्यातली मोजकी अमिनो आम्लं, ३९० ते ३९६, बदलली. रक्त नेहमीसारखं गोठत होतं, पण पोटाच्या पोकळीत सोडलेले स्टॅफिलोकोकस त्या उंदरांना आवरेनात. म्हणजे गोठणं आणि पांढऱ्या पेशीला जागं करणं ही एकाच प्रथिनाची दोन वेगळी कामं आहेत, एक दुसऱ्यावाचून चालू शकतं.

हिरुडिनने फरक का पडत नाही, हे मात्र मला वरच्या माहितीवरून सुटत नाही. तुमच्या नळीतच काहीतरी गडबड आहे.

सेंट्रीफ्यूज_शिगमो

मांडवीपार यांनी जीवशास्त्र चोख सांगितलं. आता नळीकडे.

पहिला प्रश्न: थ्रोंबिन घातल्यावर नळी गोठली का? १ एकक म्हणजे साधारण १० नॅनोमोलर. एवढ्यात सायट्रेटचं रक्तसुद्धा मिनिटाच्या आत घट्ट व्हायला हवं. अनेकांना वाटतं सायट्रेटने कॅल्शियम बांधलं की रक्त सुरक्षित. ते थ्रोंबिन *तयार होण्यापुरतं* खरं. तयार थ्रोंबिनला फायब्रिनोजेन कापायला कॅल्शियम लागत नाही. प्रयोगशाळेतली थ्रोंबिन टाइम चाचणी याच तत्त्वावर चालते. म्हणून अख्ख्या रक्तात थ्रोंबिन घालणारे सगळे जीपीआरपी हे चार अमिनो आम्लांचं पेप्टाइड आधी घालतात, अंदाजे २.५ मिलिमोलर. त्याने फायब्रिनचे रेणू एकमेकांत गुंफत नाहीत. तुम्ही जीपीआरपीचा उल्लेख केलेला नाही आणि तरी नमुना सायटोमीटरमधून गेला. हे कसं?

दुसरा प्रश्न: नळीचं टोपण कोणत्या रंगाचं?

कुळागर_फोंडा

नळी गोठली नाही. थोडी जाडसर वाटली, तेवढंच. जीपीआरपी घातलेलं नाही. टोपण हिरवं, लिथियम हेपारिन. पेशी त्यात चांगल्या टिकतात असं सांगण्यात आलं होतं.

सेंट्रीफ्यूज_शिगमो

मग उत्तर सापडलं. तुमच्या अख्ख्या रक्ताच्या नळीत थ्रोंबिन नव्हतंच.

हिरव्या टोपणाच्या नळीत दर मि.लि. रक्तामागे साधारण १० ते ३० एकक हेपारिन असतं. हेपारिन रक्तातल्याच अँटिथ्रोंबिनला हजारपट चपळ करतं. तुमचं १ एकक थ्रोंबिन काही सेकंदांत संपलं. हिरुडिनने बंद करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून हिरुडिन घाला किंवा नका घालू, आकडा तोच. वेगळ्या काढलेल्या न्यूट्रोफिल धुतलेल्या असल्याने तिथे हेपारिन नव्हतं. त्यामुळे तुमचं तेच एक निरीक्षण थ्रोंबिनबद्दल काही सांगतं.

मग सीडी११बी वाढला कशाने? दोन संशयित.

एक, थ्रोंबिनच्या बाटलीतलं एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या भिंतीतलं विष). या क्षेत्रात ही जुनी डोकेदुखी आहे. फायब्रिनोजेन थेट टीएलआर-४ (एंडोटॉक्सिन ओळखणारा रिसेप्टर) जागा करतं असं काही काळ लिहिलं जात होतं, आणि त्यातला किती भाग प्रथिनाचा व किती त्यासोबत आलेल्या एंडोटॉक्सिनचा, यावर बराच वाद झाला. तपासायची युक्ती स्वस्त आहे: थ्रोंबिनचा एक भाग १०० अंशांवर १० मिनिटं उकळा. प्रथिन मरतं, एंडोटॉक्सिन मरत नाही. उकळलेल्यानेही सीडी११बी चढला तर दोषी सापडला. उलट बाजूने पॉलिमिक्सिन-बी, मि.लि.ला १० मायक्रोग्रॅम, घालून वाढ उतरते का बघा. दोन्ही करा, एकावर विसंबू नका.

दोन, हाताळणी. सीडी११बी हा फार हळवा खूण-रेणू आहे. त्याचा साठा न्यूट्रोफिलच्या आतल्या पिशव्यांत तयारच असतो, निमित्त मिळालं की वर येतो. रक्त बर्फावर ठेवून मग ३७ला नेलं, जोराने ढवळलं, काचेच्या नळीत ठेवलं, फार वेळा फिरवलं, की वाढला. मेमध्ये प्रयोगशाळेत ३२-३३ अंश असतात आणि किटच्या कागदावर 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं. ते रूम आपलं नव्हे. २० ते २५ धरा.

म्हणून प्रत्येक वेळी एक नळी अशी हवी जिच्यात फक्त बफर घातलाय आणि बाकी सगळं तसंच केलंय. आणि एक शून्य मिनिटांची, रक्त काढल्या काढल्या स्थिर केलेली. या दोहोंतला फरक म्हणजे तुमच्या हाताचा परिणाम. तो मोठा असेल तर पुढचं काही मोजू नका, आधी हात सुधारा.

मांडवीपार

शाबास. टोपणाचा रंग विचारायला हवा होता, मी थेट रिसेप्टरमध्ये घुसलो.

एक भर. एकूण सीडी११बी वाढला म्हणजे मॅक-१ चिकट झाला असं नाही. माल गोदामातून दुकानात आला, एवढंच. चिकट झालेलं रूप ओळखणारी वेगळी अँटिबॉडी असते, क्लोन सीबीआरएम१/५. ती सोबत लावा, आणि सीडी६२एल (पेशी चेतली की ती टाकून देते तो पृष्ठभागावरचा रेणू) गळून पडतो का तेही बघा.

कुळागर_फोंडा

अरे देवा. चार महिन्यांच्या नळ्या हिरव्याच आहेत. आता नव्याने मांडायचं तर कात्रीची वाट आणि चिकटण्याची वाट वेगळ्या कशा दाखवू? थ्रोंबिन घातलं की दोन्ही एकदम सुरू होतात.

सेंट्रीफ्यूज_शिगमो

यासाठी दोन हत्यारं आहेत, आणि दोन्ही मिळतात.

कात्रीची वाट एकटी हवी तर थ्रोंबिन नकोच. पार-१च्या बांधलेल्या किल्लीची नक्कल करणारं टीएफएलएलआर-अमाइड पेप्टाइड वापरा, १० ते १०० मायक्रोमोलरमध्ये पायऱ्या लावून. ते रिसेप्टर उघडतं पण फायब्रिनोजेनला हात लावत नाही. आणि गंमत म्हणजे या नळीत रक्त हिरुडिनमध्ये घेता येतं. सायट्रेट मोकळं कॅल्शियम खाली आणतं, आणि पी-सिलेक्टिनला पीएसजीएल-१ धरायला कॅल्शियम हवं. हिरुडिन कॅल्शियमला शिवत नाही.

चिकटण्याची वाट एकटी हवी तर बॅट्रोक्सोबिन. दक्षिण अमेरिकेतल्या एका सापाच्या विषातलं एंझाइम, रक्तशास्त्राच्या लॅबमध्ये रेप्टिलेज टाइमसाठी असतंच. ते फक्त फायब्रिनोपेप्टाइड-ए कापून फायब्रिन बनवतं, प्लेटलेट जागी करत नाही, आणि त्यावर हेपारिनचाही परिणाम होत नाही, हिरुडिनचाही नाही. गुठळीतल्या पेशी सायटोमीटरमध्ये घालता येत नाहीत हे उघड आहे, म्हणून ही बाजू फायब्रिनच्या थरावर पेशी बसवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

थर देताना एक खड्डा आहे. जास्त फायब्रिनोजेन म्हणजे जास्त चिकटणं, असं धरून लोक ५०-१०० मायक्रोग्रॅम ओततात. प्रत्यक्षात दाट थरात रेणू एकावर एक साचतात, वरचे सैल राहतात, पेशीला ओढायला घट्ट काही सापडत नाही आणि चिकटणं उलट कमी होतं. मि.लि.ला ०.५ पासून ५० मायक्रोग्रॅमपर्यंत मालिका लावा. आलेख चढून उतरणारा आला तर घाबरू नका, तसाच येतो. चढाच्या बाजूचं प्रमाण निवडा.

तिसरी नळी थ्रोंबिनची, सायट्रेट रक्तात, जीपीआरपीसह. तिच्यासोबत 'फक्त जीपीआरपी' अशी नळी हवीच, कारण सीडी११सी/सीडी१८ हा मॅक-१चा भाऊबंद फायब्रिनोजेनच्या आल्फा साखळीच्या टोकाचा नेमका तोच जीपीआर तुकडा ओळखतो. म्हणजे तुमचं गोठणरोधक पेप्टाइड स्वतःच पांढऱ्या पेशीला हात लावू शकतं. आणि हिरुडिनची नळी: १ अँटिथ्रोंबिन एकक १ एनआयएच एकक थ्रोंबिनला पुरतं, पण तुम्ही पाच ते दहापट घ्या, आणि थ्रोंबिनमध्ये आधी मिसळून मग रक्तात. उलट क्रमाने घातलं तर थ्रोंबिन मधल्या सेकंदांत आपलं काम उरकतं.

प्लेटलेट मध्यस्थ आहे हे सिद्ध करायला न्यूट्रोफिलच्या गेटमध्ये (यंत्रावर वेगळ्या निवडलेल्या पेशींत) सीडी४१ किंवा सीडी४२बी या प्लेटलेटच्या खुणा बघा, म्हणजे कोणत्या न्यूट्रोफिलला प्लेटलेट चिकटलीय ते कळेल. मग पीएसजीएल-१ अडवणारी अँटिबॉडी, क्लोन केपीएल-१, घाला. प्लेटलेटही सुटली आणि सक्रिय मॅक-१ही उतरला, तर साखळी पूर्ण झाली. या नमुन्याला धुऊ नका. फिरवलं की प्लेटलेट जिथे नव्हत्या तिथे चिकटतात. फोडा, स्थिर करा, थेट यंत्रावर.

रक्त काढताना: २१ गेजची सुई, दंडाला पट्टा शक्यतो नको, पहिले २-३ मि.लि. बाजूला टाका कारण त्यात सुईने दुखावलेल्या ऊतीचा टिश्यू फॅक्टर असतो. सायट्रेट ३.२ टक्के, नऊ भाग रक्ताला एक भाग, आणि नळी खुणेपर्यंत भरलेली. थ्रोंबिन कमी प्रमाणात प्लास्टिकला चिकटून नाहीसं होतं, म्हणून ०.१ टक्का अल्ब्युमिन घातलेल्या बफरमध्ये पातळ करा, छोटे भाग करून गोठवा, एकदा वितळलेलं परत फ्रीजरमध्ये नको.

आणि तुमच्या वेगळ्या काढलेल्या न्यूट्रोफिलची परीक्षा घ्या. एफएमएलपी (न्यूट्रोफिलला हमखास चेतवणारं पेप्टाइड) १०० नॅनोमोलर दिल्यावर सीडी११बी चढतो का? चढत नसेल तर त्या पेशी काढतानाच पेटल्या होत्या, आणि "थ्रोंबिनने काही झालं नाही" याला अर्थ राहत नाही.

वाळपई_वॉर्ड

वाचतोय. रुग्णाच्या बाजूने एक सांगायला हवं, कारण कुळागर यांचा विषय 'दाहात' असा आहे आणि चर्चा एकाच दिशेने चाललीय.

रुग्णात पहिली ठिणगी बहुतेक वेळा पांढऱ्या पेशीच टाकतात. जिवाणूचं एंडोटॉक्सिन मोनोसाइटला लागलं की काही तासांत तिच्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर येतो, सातव्या घटकाला धरतो, दहावा, मग थ्रोंबिन. न्यूट्रोफिल आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. त्या जाळ्यावरचं इलास्टेज टिश्यू फॅक्टरच्या मार्गाला वेसण घालणारं टीएफपीआय तोडतं, आणि हिस्टोन प्लेटलेटला भडकवतात. आधी पांढरी पेशी गोठण चालवते, मग गोठण पांढरी पेशी. २०१३ पासून या जोडीला इम्यूनोथ्रोंबोसिस हे नाव रुळलं. सूक्ष्म शिरांत जिवाणू कोंडून ठेवायला ही चांगली युक्ती, अंगभर पसरली की डीआयसी, म्हणजे जागोजागी गुठळ्या.

म्हणून सेप्सिसच्या, किंवा पावसाळ्यात येणाऱ्या लेप्टोच्या रुग्णाच्या नमुन्यावर हा प्रयोग करायचा विचार असेल तर त्या न्यूट्रोफिल आधीच चेतलेल्या असतील आणि प्लेटलेट उतरलेल्या. निरोगी रक्ताशी सरळ तुलना होणार नाही. डी-डायमर वाढलेला असेल, पण तो फक्त फायब्रिन बनलं, गुंफलं आणि तुटलं एवढंच सांगतो, कशामुळे ते नाही.

आणि पार-१ नेहमी आगच लावतो असं नाही. एंडोथेलियमवरच्या थ्रोंबोमोड्युलिनला चिकटलेलं थ्रोंबिन प्रोटीन-सी सक्रिय करतं, ते ईपीसीआर या आपल्या रिसेप्टरवर बसून तोच पार-१ कापतं, पण ४१ऐवजी ४६वर, आणि संदेश उलटा जातो: एंडोथेलियम शांत, भिंत घट्ट. त्या भरवशावर सक्रिय प्रोटीन-सीचं औषध २००१ मध्ये सेप्सिससाठी मंजूर झालं. नव्या चाचणीत फायदा दिसेना, म्हणून २०११ मध्ये मागे घेतलं. यंत्रणा खरी होती, औषध टिकलं नाही.

काजू_बोंडू

मधे विचारतो. घोणस चावल्यावर रक्त गोठत नाही, पण पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. तिथेही हीच साखळी का?

वाळपई_वॉर्ड

अर्धीच. घोणशीचं विष दहावा आणि पाचवा घटक थेट सक्रिय करतं, टिश्यू फॅक्टरची वाट बघत नाही. थ्रोंबिन बनतं, फायब्रिनोजेन वापरून संपतं, म्हणून कात्री चालते आणि चिकटायला फायब्रिन उरत नाही. पांढऱ्या पेशींच्या वाढीत चावल्या जागी फुटलेल्या ऊतींचा मोठा वाटा असतो.

तिथली २० मिनिटांची चाचणी मात्र या धाग्याला जोडलेली आहे. २ मि.लि. ताजं रक्त, नवी, स्वच्छ, कोरडी *काचेची* नळी, २० मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी करायची. काच हवी कारण बारावा घटक काचेवर जागा होतो. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली काच घेतली तर साप न चावलेल्याचं रक्तही गोठणार नाही आणि विनाकारण प्रतिविष दिलं जाईल. प्रतिविषानंतर ६ तासांनी परत करा, कारण यकृताला फायब्रिनोजेन भरून काढायला तेवढा वेळ लागतोच. तोच बारावा घटक पुढे कॅलिक्रेन सक्रिय करतो, आणि कॅलिक्रेन न्यूट्रोफिलमधून इलास्टेज सोडायला लावतं. कुळागर, काचेच्या नळीत तुमचे सीडी११बी का चढतात याचं एक कारण हेही.

कुळागर_फोंडा

देव बरें करूं सगळ्यांचं. उद्यापासून निळं टोपण (सायट्रेट), जीपीआरपी, आणि उकळलेल्या थ्रोंबिनची नळी पहिल्यांदा. शेवटची शंका: मार्गदर्शक म्हणतात उंदरांवरही करून बघ. टीएफएलएलआर तिथे चालेल?

मांडवीपार

प्लेटलेटसाठी नाही. उंदराच्या प्लेटलेटवर पार-१ नसतोच, तिथे पार-३ आणि पार-४ जोडीने काम करतात. तिथे पार-४चं पेप्टाइड घ्यावं लागेल, एवायपीजीकेएफ-अमाइड, आणि त्याची मात्रा बरीच जास्त लागते. माणसाचं वेळापत्रक तसंच्या तसं उंदराला लावू नका.

सेंट्रीफ्यूज_शिगमो

आणि उरलेल्या हिरव्या नळ्या टाकू नका. प्लाझ्मावर बायोकेमिस्ट्रीच्या चाचण्या करणाऱ्यांना त्या चालतात, शेजारच्या विभागात विचारा, बदल्यात निळ्या मिळाल्या तर बघा.